मडगार्ड: लांब, आखूड की काढूनच टाकायचं?

पायडल_पुणेकर

पाऊस सुरू झाला आणि आमच्या गटात दरवर्षीचा वाद पुन्हा पेटला, म्हणून धागा काढतोय. सायकल हायब्रिड, टायर ७०० बाय ३५, म्हणजे ३५ मिमी रुंद. रोज कोथरूड ते हिंजवडी, रविवारी जमेल तसं मुळशी-ताम्हिणी. दुकानदाराने सीटखालच्या नळीला अडकवायचं आखूड प्लास्टिकचं मडगार्ड गळ्यात मारलं. त्याने पाठ कोरडी राहते, मान्य. पण बूट भरतात, चेनवर वाळूचा थर बसतो आणि मागून येणारा मित्र तोंड पुसत शिव्या घालतो. गटातले अर्धे म्हणतात पूर्ण लांबीचं लाव, उरलेले म्हणतात सायकल दूधवाल्याची दिसेल. दिसण्याचं राहू द्या. मला काम कसं करतं ते सांगा. मोटारसायकल, गाडीवाल्यांनीही लिहा, चिखल सगळ्यांना सारखाच.

सळई_स्क्रू

पाणी टायरवरून कुठे सुटतं हे कळलं की अर्धा वाद मिटतो. टायरला चिकटलेला थेंब सुटताना स्पर्शरेषेत जातो, म्हणजे त्या क्षणी टायरचा तो भाग जिकडे निघालाय तिकडे. मागच्या चाकाची खालची बाजू मागे जात असते, मागची बाजू वर जात असते, वरची पुढे. आता बघा. चाकाच्या मागच्या बाजूला, मधल्या उंचीच्या वर सुटलेलं पाणी वर आणि पुढे येतं आणि तुमच्या पाठीवर बसतं. तुमचं आखूड मडगार्ड तेवढंच अडवतं. त्याच्या खाली, जमिनीपासून थोड्या उंचीवर सुटलेलं पाणी तिरकं मागे उडतं. ते मित्राच्या तोंडावर. दुकानदाराने तुम्हाला वाचवलं, मित्राला नाही.

बुटांचं पाणी मात्र पुढच्या चाकाचं. पुढच्या चाकाच्या मागच्या खालच्या बाजूने उडतं आणि सरळ पायांवर, पायडलच्या बेअरिंगवर, चेनवर येतं. म्हणून सायकलवर जास्त महत्त्वाचं मडगार्ड पुढचं, आणि त्यातही त्याचं मागचं टोक. हे टोक जितकं खाली येईल तितके बूट कोरडे. बाजारातली बहुतेक पुढची मडगार्डं इथेच आखूड असतात. चार-पाच इंच जमिनीपासून उंच राहील इतका रबराचा फ्लॅप खाली जोडला तर फरक लगेच कळतो.

पुढच्या चाकाच्या माथ्यावरून सुटलेलं पाणी पुढे जातं. रस्त्याच्या हिशेबाने टायरचा माथा सायकलच्या दुप्पट वेगाने पळत असतो, त्यामुळे ते तुमच्या आधी पुढे उडतं, हवेत मंदावतं आणि तुम्ही जाऊन त्याला धडकता. चष्म्यावरचे ठिपके हेच. म्हणून पुढचं मडगार्ड फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) पुढेही वीतभर असावं.

रुंदी: ३५ च्या टायरला ४५ मिमी मडगार्ड ठीक. टायर आणि मडगार्डमध्ये सगळीकडे सारखी एक सेंटीमीटरभर फट. खालीवर झाली की वाजतं.

रेगडी_रान

सळई_स्क्रू, तुमची एक सेंटीमीटरची फट पुण्याच्या डांबरावर चालती. आमच्याकडं परभणी-हिंगोलीकडं घेऊन या, मग बोलू.

काळ्या रानात जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की गाडवाट अशी होती की सायकल शंभर पावलं पुढं जात नाही. चिखल टायरला गुंडाळतो, टायर मडगार्डखाली जाऊन तो तिथं सोडतो, परत नवीन घेऊन येतो. थोड्या वेळात मडगार्ड गच्च भरतं आणि चाक फिरायचंच थांबतं. ढकलताही येत नाही. मग बाभळीची काडी घेऊन उकरत बसायचं. उकरून दहा पावलं गेलं की परत तेच. शेवटी सायकल खांद्यावर. आमच्या गावात शेतात राहणारे लोक मृग लागला की दोन्ही मडगार्ड काढून माळ्यावर टाकतात, दिवाळीनंतर परत लावतात. लूक-बिक काही नाही, चाक फिरावं म्हणून.

या मातीत जी चिकणमाती असती तिला मॉन्टमोरिलोनाइट म्हणतात. पाणी पिऊन फुगती, वाळली की आक्रसून भेगा पडतात. तिची पकड बघायची असंल तर चप्पल घालून वखरलेल्या रानात दहा पावलं चाला. चप्पल राहील मागं.

पायडल_पुणेकर

@रेगडी_रान, हे डोक्यातच नव्हतं आलं. म्हणजे फट किती ठेवायची हे मातीवर ठरतं?

रेगडी_रान

मातीवरच. माझ्या शहरातल्या सायकलला मीही लांब मडगार्ड लावतो की. शाळेवर जातो, कपडे पांढरे.

घाटातला_थंडर

याच कारणामुळे चिखलातल्या मोटारसायकलींना पुढचं मडगार्ड उंच, हँडलच्या खाली चोचीसारखं असतं. मोटोक्रॉसची गाडी बघा, टायर आणि मडगार्डमध्ये हात जाईल इतकी जागा. चिखल साचायला जागाच नाही. पण डांबरावर त्याचा उपयोग शून्य, सगळं पाणी वाऱ्याबरोबर इंजिनावर आणि अंगावर. रॉयल एनफिल्डने २०१६ ला पहिली हिमालयन आणली तेव्हा पुढे दोन मडगार्डं दिली होती, एक वर चोचीचं आणि एक खाली टायरला लागून. लोकांनी टिंगल केली. मला तो तडजोडीचा प्रामाणिक नमुना वाटला. डांबराला खालचं, आणि फारच चिखल असेल तर खालचं खोलून ठेवा.

नट_बोल्ट_वाई

गॅरेजवाला आहे, म्हणून दोन गोष्टी मोटारसायकलवाल्यांसाठी. मोठं लिहितोय, वाचा.

पहिली. पोरं येतात, म्हणतात काका पुढचं मडगार्ड काढा, टायर उघडा दिसला पाहिजे. अरे बाबा, बऱ्याच गाड्यांत मडगार्डखाली लोखंडी कमान असते, दोन फोर्कच्या नळ्यांना जोडणारी. ती नुसती मडगार्ड धरायला नाही. टेलिस्कोपिक फोर्कच्या दोन नळ्या वर ट्रिपल क्लॅम्पने, म्हणजे हँडलखालच्या जाड पट्ट्यांनी बांधलेल्या असतात, खाली फक्त एक्सलने. मधे ही कमान असते म्हणून वळणावर, खड्ड्यात आणि पुढचा ब्रेक जोरात मारला की दोन्ही नळ्या एकमेकींपासून पिळत नाहीत. ती काढली की हँडल एकीकडे आणि चाक एकीकडे बोलायला लागतं, आणि हायवेवर ते कळतं. काढायचंच असेल तर कमान ठेवा, पत्रा काढा. आणि पत्रा काढला की फोर्कच्या ऑइल सीलवर चिखल बसतो, सील गळायला लागतं. पुढच्या डिस्कवर ते तेल आलं की काय होतं ते मी सांगायला नको.

दुसरी, मागच्या बाजूची. हल्लीच्या गाड्यांची शेपटी आखूड. कंपनीने लांब नंबरप्लेट होल्डर दिलेला असतो, तोच मागचं मडगार्ड असतो. तो कापून टेल टायडी, म्हणजे आखूड होल्डर बसवतात. मग पावसात स्वतःच्या पाठीवर, मागे बसलेल्याच्या डोक्यावर आणि मागच्या गाडीच्या काचेवर कारंजं. त्यावर इलाज म्हणून नंतर टायर हगर घेऊन येतात. हगर म्हणजे स्विंगआर्मला बसणारं, टायरला चिकटून जाणारं मडगार्ड, चाकाबरोबर वरखाली होतं. चांगली वस्तू आहे. मागच्या शॉकअब्सॉर्बरवर चिखल येत नाही हा त्याचा खरा फायदा. पण मागे उडणारं पाणी हगर थांबवत नाही, कारण तो टायरच्या वरच असतो. सळई_स्क्रू साहेबांनी वर सांगितलेलंच. शेपटी कापू नका आणि हगरपण लावा, असं असेल तर मी लावून देतो.

तळ्याकाठी

साडी गार्डचा विषय कोणीच काढला नाही म्हणून मी काढते. तेही चाकावरचं आवरणच आहे, फक्त चिखल बाहेर येऊ नये यासाठी नाही, कपडे आत जाऊ नयेत यासाठी.

गेल्या वर्षी नवीन गाडी घेतली. डिलिव्हरीच्या दिवशी बघते तर डाव्या बाजूची जाळी नाही. शोरूमवाला म्हणाला, "ताई, सगळेच काढून घेतात, लूक जातो." म्हटलं सगळ्यांनी काढू दे, माझी लावा. माझ्या सासूबाई नऊवारी नेसतात आणि मागे एका बाजूला बसतात. पदर कुठे असतो ते तुमच्या शोरूमला माहीत आहे का? तासभर वाद घातल्यावर गोदामातून काढून आणली.

हे माझं हट्टीपण नाही, नियम आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३. मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण हवं, मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. शब्द असेच आहेत, "अर्धा भाग". ओढणीवाल्या मुलींनीही लक्षात ठेवा, ओढणी फक्त साडीपेक्षा लहान असते, चाकाला फरक पडत नाही.

नट_बोल्ट_वाई

ताई, शंभर टक्के. आणि जाळी असली तरी बघा ती कुठवर येते. काही गाड्यांना दोन वाकड्या सळया असतात, त्यातून पदर आरामात जातो. जाळीदार प्लेट बरी.

धुकं_उत्रेख्त

नेदरलँड्समधून लिहितेय. इथल्या जुन्या पद्धतीच्या सायकलींना, ज्यांना इथे आजीची सायकल म्हणतात, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना कापडाचं किंवा प्लास्टिकचं आवरण असतं. लांब कोट चाकात जाऊ नये म्हणून. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नवऱ्याला म्हटलं, अरे हे तर आपलं साडी गार्ड. तेव्हापासून आमच्या घरात त्याला तेच नाव आहे.

दूधवाल्याची सायकल दिसेल म्हणणाऱ्यांसाठी: इथे वकील, डॉक्टर, कॉलेजची मुलं सगळी पूर्ण लांबीच्या मडगार्डच्या सायकलवर. चेनवर बंद डबा. माणूस सूट घालून कामावर जातो आणि पाऊस असला तरी पँट स्वच्छ. आखूड मडगार्डच्या सायकली रस्त्यावर दिसतात त्या वीकेंडला, रेसवाल्यांच्या.

चाळीतला_काका

सूट घालून ऑफिस म्हटल्यावर स्कूटर आठवली नाही कोणाला? आमच्या पिढीचं अर्धं ऑफिस बजाज चेतकवर पोहोचलं. १९७२ ला आली. तिच्या मुळाशी व्हेस्पा, आणि व्हेस्पा काढणारा कोराडिनो द'आस्कानिओ हा मुळात विमानांचा, हेलिकॉप्टरचा इंजिनियर. त्याला मोटारसायकल आवडायची नाही. घाण होते, बसायला अवघड, पंक्चर झालं की चाक काढणं कटकटीचं. म्हणून १९४६ च्या व्हेस्पात त्याने इंजिन झाकलं, पायांपुढे ढाल दिली, मागचं चाक अंगात घेतलं. पुढचं मडगार्ड चाकाबरोबर वळतं. पहिल्या व्हेस्पांचा तर दिवाही मडगार्डवर बसवलेला होता. म्हणजे हे वाहनच चिखलाचा विचार करून काढलेलं. भर पावसात दादर टीटीवरून मी इस्त्रीच्या पँटमध्ये ऑफिसात गेलोय, आणि त्याच रस्त्यावरून मोटारसायकलवाला साहेब गुडघ्यापर्यंत नक्षी घेऊन यायचा.

आणि गाड्यांचं म्हणाल तर आमच्या वेळी गॅरेजमध्ये फेंडर वगैरे कोणी म्हणत नसे. पद्मिनी टॅक्सीचा पुढचा डावा पत्रा म्हणजे "डावा मडगार्ड". मुंबईची खारी हवा आणि आतून साचलेला चिखल, हेडलाइटच्या मागून तो पत्रा सडायचा. वरून रंग चकचकीत, बोटाने दाबलं की बोट आत. शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओची, २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मुदत भरली आणि २०२३ ला तीही गेली.

म्हापशेकार

काकांनी सडण्याचं काढलं म्हणून आमचं पण ऐका. आजच्या गाडीतही तीच जागा सडते, फक्त उशिरा. चाकाच्या कमानीत आतून काळं प्लास्टिकचं अस्तर असतं, फेंडर लायनर. त्याच्या मागे, पुढच्या दाराच्या बिजागरीच्या खाली, फेंडर आणि खालच्या पट्टीचा सांधा असतो. तिथे पाला, जांभ्याची लाल माती, बारीक खडी जाऊन बसते. पाणी धरून ठेवते. वरून धुतलं तरी ती जागा ओलीच.

चतुर्थीला गावाकडे येऊन परत मुंबई-पुण्याला जाणाऱ्यांनी एवढं करा: चाक पूर्ण वळवा, लायनरचे दोन-तीन स्क्रू आणि प्लास्टिकचे बटण काढा, हाताने तो पाला ओढून काढा. मग बागेचा पाइप हळू सोडा आणि खालून पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबा. खालच्या पट्टीला छोटी भोकं असतात पाणी जायला, ती तारेने मोकळी करा. सर्व्हिस सेंटरला प्रेशरने धुतात, त्याने ही माती अजून आत ठासली जाते. सांगितलं तर "करतो सर" म्हणतात.

सळई_स्क्रू

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी याच जागेचा एक उपयोग. पुढचे फेंडर बोल्टने बसवलेले असतात, मागचा पत्रा वेल्ड केलेला. बॉनेट उघडा, दोन्ही बाजूंना फेंडरच्या बोल्टची रांग दिसेल. कारखान्यातून आलेल्या गाडीत बोल्टवर बॉडीचाच रंग असतो, अखंड. पाना लागून कोपऱ्यांचा रंग उडालेला दिसला की फेंडर कधीतरी उतरवलाय. उतरवला म्हणजे अपघातच असं नाही, पण मालक "एकदाही ठोकलेली नाही" म्हणत असेल तर तिथे बोट ठेवून विचारा. एका बाजूचे बोल्ट जुने आणि दुसरीकडचे नवे कोरे असतील तर भाव पाडायला जागा आहे.

बाहेरचा_टायर

गाडीला रुंद टायर टाकून बाहेर काढलेत, आता फ्लॅप लावू का? आरटीओ काही म्हणेल का?

नट_बोल्ट_वाई

फ्लॅपला काही म्हणणार नाही. टायर कमानीच्या बाहेर आलाय ते बघेल. आणि तुमच्या टायरचे दगड तुमचाच दरवाजा सोलून काढतील, सहा महिने थांबा.

धुकं_उत्रेख्त

युरोपात याला माप आहे. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश, एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी वरून झाकलेली हवी. त्याशिवाय त्या मॉडेलला मंजुरी नाही. बाहेर आलेला टायर तपासणीत तिथेच अडकतो.

रेगडी_रान

मडगार्डचा सगळ्यात मोठा गैरवापर राहिलाच, ट्रॅक्टर. मडगार्ड म्हणजे आमच्याकडं बाकडं. दोन्ही बाजूला चार-चार माणसं, लग्नाला, बाजाराला, कारखान्यावर. ट्रॅक्टरवर चालकाशिवाय माणूस बसवायला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत. पण वरंब्यावरून चाक गेलं की बसलेला माणूस नेमका मोठ्या चाकापुढं पडतो, हे कुणी पोरांना सांगत नाही. आमच्या शाळेत मी दरवर्षी ऊस सुरू होण्याआधी सांगतो. पोरं हो म्हणतात आणि संध्याकाळी तिथंच बसलेली दिसतात.

पायडल_पुणेकर

भरपूर मिळालं, धन्यवाद मंडळी. पूर्ण लांबीचं ४५ मिमी आणलंय. फ्लॅप कशाचा करू? ऑनलाइन चामड्याचा दिसतोय, किंमत बघून घाम फुटला.

सळई_स्क्रू

ट्रकची जुनी ट्यूब. टायरवाल्याकडे फुकट किंवा चहाच्या पैशात मिळते. मडगार्डच्या रुंदीपेक्षा बोटभर रुंद, खाली जरा पसरट असा तुकडा कापा. वरच्या टोकाला दोन भोकं, मडगार्डला दोन, आणि पॉप रिव्हेट. रिव्हेटचं डोकं आतून, टायरच्या बाजूला ठेवा; मागचं टोकदार तोंड बाहेर, आणि त्याखाली वॉशर, नाहीतर रबर फाटून निघतं. सनपॅकची शीटही (जाहिरातीच्या फलकाचं प्लास्टिक) चालते, निवडणुकीनंतर रस्त्यावर ढीगभर असते, पण ती ताठ, फुटपाथला आपटून मडगार्ड उचकटते. ट्यूब वाकते आणि परत येते.

आणि एक नक्की बघा. पुढच्या मडगार्डच्या तारा फोर्कला जिथे बसतात तिथे ओढ पडल्यावर सुटणारी क्लिप आहे का. चांगल्या कंपन्या पुढच्या तारांना ती देतात. काटकी टायर आणि मडगार्डमध्ये अडकली की टायर मडगार्डला आत ओढतो, ते चुरगळून चाक जाम होतं आणि माणूस हँडलवरून पुढे. क्लिप असली की तार सुटते, मडगार्ड लोंबतं, माणूस वाचतो. क्लिप नसलेल्या तारा मागे लावा, पुढे नको.

पायडल_पुणेकर

क्लिप आहे, बघितली. पण माझ्या फोर्कला खाली तार बसवायचं भोकच नाही. मागे आहे, पुढे नाही. आता?

नट_बोल्ट_वाई

फोर्कला भोक पाडू नका, कोणीही सांगितलं तरी. हार्डवेअरच्या दुकानात पाइप धरायची गोल क्लिप मिळते, आत रबर असलेली. फोर्कची नळी कुठे गोल आहे तिथली जाडी दोऱ्याने मोजा आणि त्या मापाची घ्या. ५ मिमीचा बोल्ट, नायलॉनचा नट. क्लिपमध्ये रबर नसेल तर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. आणि दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर बसवा, नाहीतर मडगार्ड तिरकं बसतं आणि मग महिनाभर टायरला घासत खरखर वाजत राहतं.